विनोदी पोलीसपटातील बंदूक

पोलीस आणि गुंड यांच्या झटापटीवर रचलेल्या विनोदी चित्रपटात बंदुकीला दोन कामे करावी लागतात. ती प्रेक्षकाला क्षणभर खरी वाटली पाहिजे, एरवी प्रसंगात ताण उरत नाही. त्याच वेळी तिच्यामुळे खरोखर कोणी मरणार नाही, अशी खात्रीही त्याच्या मनात असली पाहिजे, एरवी हसू ओठांवरच थिजते. ही खात्री आपोआप निर्माण होत नसते. पडद्यामागे काही माणसांनी शिस्तीने केलेल्या कामाचे ते फळ असते.

महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला 'झपाटलेला' (१९९३) हा मराठी चित्रपट या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्यातील इन्स्पेक्टर महेश जाधव (ही भूमिका कोठारे यांनीच केली आहे) तात्या विंचू नावाच्या गुंडाला गोळी घालतो. परंतु मरता मरता तात्या मंत्राच्या बळावर एका बाहुल्याच्या देहात शिरतो. तात्याचे काम दिलीप प्रभावळकर यांनी केले, तर बाहुला रामदास पाध्ये यांचा. तो लक्ष्मीकांत बेर्डे यांनी रंगवलेल्या भाबड्या नायकाच्या हाती पडतो आणि पुढचा सारा गोंधळ उडतो. दोन भुवयांच्या मध्यभागी गोळी लागल्याखेरीज या बाहुल्याला मरण नाही. म्हणजे सबंध कथा दोन गोळ्यांच्या दरम्यान उभी आहे. पहिली माणसाला लागते, दुसरी बाहुल्याला. खोट्या देहावर खोटी गोळी सुटते, म्हणूनच तेथे भीती आणि हसू एकत्र नांदू शकतात.

चित्रपटात वापरल्या जाणाऱ्या बंदुका साधारणतः तीन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार निव्वळ आकृतीचा. लाकूड, रबर किंवा फायबर यांपासून बनवलेली ही बंदूक दुरून दिसणाऱ्या दृश्यांत, पळापळीत व पडापडीत उपयोगी पडते; अंगावर आपटली तरी इजा कमी होते. दुसरा प्रकार खेळण्यातल्या पिस्तुलासारखा, केवळ टिकली वाजवणारा. तिसरा प्रकार बिनगोळीचे काडतूस उडवणाऱ्या शस्त्राचा. नळीतून जाळ व धूर निघालेला दाखवायचा असेल, तेव्हा पूर्वी याच प्रकाराचा आधार घ्यावा लागे. आता तोच जाळ चित्रीकरणानंतर संगणकाच्या साहाय्याने चित्रात मिसळता येतो.

सर्वाधिक गैरसमज या तिसऱ्या प्रकाराविषयी आहे. बिनगोळीच्या काडतुसात शिशाची गोळी नसते; परंतु दारू असते आणि ती पेटवणारी टोपीही असते. काडतुसाचे तोंड मुडपून किंवा बोळा घालून बंद केलेले असते. चाप ओढताच दारू पेटते आणि तप्त वायू, न जळलेले कण व बोळ्याचे तुकडे मोठ्या वेगाने नळीबाहेर पडतात. काही हात अंतरावर त्यांचा जोर ओसरतो. पण नळी अंगाला भिडलेली असेल, तर हाच झोत प्राणघातक ठरतो. रिव्हॉल्व्हरमध्ये तर फिरती चक्री आणि नळी यांच्या फटीतूनही गरम वायू बाजूला निसटतो.

अमेरिकेतील तीन दुर्घटनांतून हा धोका जगासमोर आला. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या नटाने चित्रीकरणाच्या जागी गमतीने रिव्हॉल्व्हर स्वतःच्या कानशिलाला लावून चाप ओढला. आत बिनगोळीचे काडतूस होते. तरी त्या आघाताने त्याचा अंत झाला. ३१ मार्च १९९३ रोजी 'द क्रो' या चित्रपटाच्या वेळी ब्रँडन ली मृत्युमुखी पडला. जवळून दाखवण्यासाठी बनवलेल्या नकली काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती. पुढे बिनगोळीचे काडतूस उडवले गेले, तेव्हा त्याच्या जोराने ती बाहेर आली. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी 'रस्ट' च्या चित्रीकरणात रिव्हॉल्व्हरमध्ये चक्क खरे काडतूस निघाले आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा बळी गेला. तिन्ही वेळी हातातली वस्तू निरुपद्रवी आहे, असे मानले गेले होते.

यातूनच काही नियम रूढ झाले आहेत. खरी काडतुसे चित्रीकरणाच्या आवारात आणू नयेत. शस्त्रांची जबाबदारी एकाच जाणत्या व्यक्तीकडे असावी. तिने शस्त्र उघडून, नळी तपासून, नटाच्या डोळ्यांदेखत ते त्याच्या हाती द्यावे आणि प्रसंग संपताच परत घ्यावे. नळी माणसावर न रोखता किंचित बाजूला रोखावी. कॅमेऱ्याचा कोन नीट साधला, तर प्रेक्षकाला हा फरक कळत नाही. विनोदी चित्रपटात हे नियम अधिकच कडक असावेत, कारण तेथे सेटवरही थट्टेचे वातावरण असते. हेक्समचा जीव थट्टेनेच घेतला.

भारतीय कायद्यानेही खोट्या बंदुकीची दखल घेतली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील सहाव्या कलमानुसार, नकली बंदुकीचे परवान्याविना खऱ्या बंदुकीत रूपांतर करता येत नाही. खरे आणि खोटे यांतील रेषा किती सहज पुसली जाऊ शकते, याची जाण या तरतुदीमागे दिसते.

ही रेषा प्रेक्षकही ओळखतो. पोलीस बंदूक रोखतो तेव्हा काय घडू शकते, हे त्याला चित्रपटाबाहेरच्या जगातून ठाऊक असते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरातील पॉवर हाउस येथे १ जुलै १९९२ रोजी रेल्वे रोखून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक कामगारांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी 'झपाटलेला' पडद्यावर आला. खाकी गणवेश दोन्हीकडे तोच. परंतु स्थानकावर पडलेली माणसे पुन्हा उठली नाहीत, चित्रपटातला मेलेला गुंड मात्र बाहुला होऊन बडबडू लागला.

ज्याने खरा गोळीबार पाहिला आहे, असा माणूसही विनोदी पोलीसपटाला हसू शकतो. येथे कोणाचेही रक्त सांडलेले नाही, असा भरवसा त्याने चित्रकर्त्यांवर टाकलेला असतो. तो भरवसा राखणे हे शस्त्र सांभाळणाऱ्या त्या पडद्याआडच्या माणसाचे काम होय. श्रेयनामावलीत त्याचे नाव कोठेतरी शेवटी येते आणि तोवर प्रेक्षक बहुधा खुर्चीवरून उठलेला असतो.