पौलाच्या पत्रांतील ‘प्रभु’

पवित्र शास्त्राच्या तासाला एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, येशू हा थोर गुरु होता, त्याला देवपण मागाहून लोकांनीं दिलें, असें म्हणतात. हें खरें काय?” प्रश्न प्रामाणिक होता, उत्तरहि तसेंच असलें पाहिजे.

इ. स. ३२५ सालीं निकिया येथील धर्मसभेनें ख्रिस्ताच्या देवत्वाविषयींचा विश्वास शब्दबद्ध केला, हें खरें. परंतु पौलाचीं पत्रें त्याहून अडीचशें वर्षांवर जुनीं आहेत. शिवाय लिहिणारा परूशी पंथाचा कडवा यहूदी. देव एकच, त्याच्यावांचून कोणाचें भजन करूं नये, हें बाळपणापासून त्याच्या अंगीं मुरलेलें.

असा मनुष्य येशूस ‘कुरियॉस’, म्हणजे ‘प्रभु’, म्हणतो. हा शब्द साध्या धन्यासहि लावीत; तेवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु ग्रीक बोलणारे यहूदी देवाच्या पवित्र नामाच्या जागीं हाच शब्द योजीत. देवाच्या नामाचा धावा करणाऱ्याचें तारण होतें, असें योएल संदेष्टा सांगतो (२:३२), तेंच वचन पौल येशूस लावितो (रोम. १०:१३). प्रचलित मराठी शास्त्रांत एके ठिकाणीं ‘परमेश्वर’ व दुसरीकडे ‘प्रभु’ असे शब्द आल्यामुळें हें नातें नजरेआड होतें. दोन्ही वचनें शेजारीं ठेवून वाचावींत.

करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अखेरीस ‘मारानाथा’, म्हणजे ‘आमच्या प्रभो, ये’, अशी अरामी प्रार्थना आहे. ग्रीक मंडळीच्या तोंडीं अरामी शब्द आले, ते यहूदी देशांतील पहिल्या शिष्यांकडूनच. म्हणजे ख्रिस्ताला हांक मारणें ही मागाहूनची जोड नव्हे. याच रत्नागिरी जिल्ह्यांत करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेले कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला व आपल्या मायबोलींत, अभंगांतून, तीच हांक मारिली.

आतां फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय पाहा. पौल बंदिवासांत आहे, आणि मंडळींतील मानापमानाचे तंटे मिटावे अशी त्याची इच्छा आहे. यासाठीं तो ख्रिस्ताचें उदाहरण देतो: जो देवाच्या स्वरूपाचा, तो दास झाला व वधस्तंभापर्यंत लीन झाला, म्हणून त्याच्यापुढें प्रत्येक गुडघा टेकेल. यशयानें (४५:२३) हा मान केवळ देवास दिला आहे. पौलाच्या मतें देवपण वर चढून मिळविलेलें नाहीं. तें खालीं उतरून प्रकट झालें.

त्या विद्यार्थ्यास मीं हीं स्थळें दाखविलीं; निर्णय ज्याचा त्यानें करावा. परंतु मुलांनो, आणि पालकहो, एक गोष्ट आपणां ख्रिस्ती म्हणविणारांनीं विसरूं नये. मुखानें ‘प्रभु’ म्हणावयाचें आणि शाळेच्या शिपायास तुच्छतेनें हांक मारावयाची, तर हें पत्र आपण वाचलें खरें, पण आपणांस तें कळलें नाहीं.