सीबीसीच्या टेबलावर बसण्याआधी

मनू, सोमवारपासून तू सीबीसीच्या टेबलावर. मशीन मिनिटभरात आकडे देतं. त्या मिनिटाच्या आधीचं आणि नंतरचं काम तुझं. मोबाईल बाजूला ठेवून वाच गं बाई.

१. ट्यूबवर नाव पेशंटसमोरच लिही, आणि नाव त्यालाच सांगायला लाव — "तुम्ही पाटीलच ना?" असं विचारलंस तर घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

२. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेऊ नकोस — हिमोग्लोबिन उगाच उतरलेलं दिसतं आणि घरचे धास्तावतात.

३. पोटॅशियम-कॅल्शियमची ट्यूब आधी भर, जांभळ्या टोपणाची नंतर — ईडीटीएचा अंश तिकडे गेला तरी पोटॅशियम चढतं, कॅल्शियम पडतं.

४. जांभळी ट्यूब खुणेपर्यंत भर आणि लगेच ८-१० वेळा सावकाश उलटीसुलटी कर, घुसळू नकोस — इवलीशी गुठळी, अख्खा रिपोर्ट गिळी.

५. पेशंटच्या आधी कंट्रोल लाव, रोज — चुकलेलं मशीनही आकडे तितक्याच ठामपणे छापतं.

६. पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढतील, तेव्हा हा मंत्र दोनदा वाच. प्लेटलेट कमी आल्या की आधी लाकडी काडीने ट्यूबमध्ये गुठळी शोध, मग स्मिअर करून शेपटीकडची कड बघ — घोळक्याने चिकटलेल्या प्लेटलेट मशीनच्या मोजणीतून निसटतात. ऑइल इमर्शनखाली एका फील्डमध्ये सरासरी दहा दिसल्या तर दीड-दोन लाख धर. काहींच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच चिकटतात. त्यांचं रक्त निळ्या टोपणाच्या सायट्रेटमध्ये पुन्हा घे आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुण — तिथे नऊ भाग रक्तात एक भाग सायट्रेट असतं. पाच मिनिटं जातील, जाऊ देत. नसलेल्या आजारासाठी कुणाला रात्रभर रक्तपेढ्या पालथ्या घालायला लावू नकोस.

७. हिमोग्लोबिनची तिप्पट साधारण हिमॅटोक्रिटइतकी येते, १२ ला ३६. फार फरक पडला तर स्लाइड बघ. एमसीएचसी ३७ च्या वर गेलं तर ट्यूब ३७ अंशांवर कोमट करून पुन्हा लाव — गारव्याने एकमेकींना चिकटलेल्या लाल पेशी मशीन एकच मोठी पेशी म्हणून मोजतं.

८. आकडा धोक्याचा आला आणि खरा निघाला, तर छपाईची वाट न बघता डॉक्टरांना फोन कर. आकडा त्यांच्याकडून परत म्हणवून घे, आणि फोन कोणी घेतला, किती वाजता, ते रजिस्टरमध्ये लिहून मगच पुढची ट्यूब उचल.