घड्याळ घेण्याआधी तुझा प्रश्न ठरव

काल रात्री साडेअकराला तू तीन घड्याळांचे फोटो पाठवलेस आणि खाली लिहिलंस, "ताई, यातलं कुठलं घेऊ?" मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण फोटोंपेक्षा मला त्या साडेअकराचीच काळजी वाटली. गेल्या महिन्यात तू दोनदा म्हणालीस, सकाळी उठते तीच दमलेली असते. म्हणून आज दुपारची कामं आवरून निवांत लिहायला बसलेय.

आधी मला सांग, या घड्याळाला तू विचारणार काय आहेस? चालणं वाढवायचंय, झोपेची वेळ लावून घ्यायचीय, की पळायला लागलीस म्हणून ठोके बघायचेत? प्रश्न पक्का झाला की निम्मी घड्याळं आपोआप गळून पडतात. प्रश्न न ठरवता दुकानात गेलं की समोरचा सांगेल ती प्रत्येक सोय हवीशी वाटते. मी तशीच गेले होते, आणि महिनाभराने त्यातल्या दोनच गोष्टी वापरत होते.

घड्याळ उलटं करून बघ. मागच्या बाजूला हिरवा उजेड लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत क्षणभर जास्त रक्त येतं, मग परत फिरणारा उजेड कमी होतो. त्या कमी-जास्तावरून ठोके मोजले जातात. जोडीला हात हलल्याचं टिपणारा एक सेन्सर असतो. झोप, ताण, कॅलरी असं जे काही पडद्यावर दिसतं, ते बहुतेक या दोन गोष्टींवरून बांधलेला अंदाज असतो. म्हणून पट्टा सैल असला की आकडे भरकटतात. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, कोपराच्या बाजूला बांध. त्या हातात बांगड्या नकोत, आणि व्यायामाच्या वेळी पट्टा एक भोक घट्ट कर.

आता भरवसा कशावर ठेवायचा ते ऐक. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांच्या मनगटावर सात उपकरणं तपासली. ठोक्यांच्या मोजणीत सातांपैकी सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांहून कमी निघाली. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. तेव्हा कॅलरीचा आकडा बघून जेवणातली भाकरी कमी करू नकोस.

झोपेचं तर मी स्वतः भोगलंय. दोन वर्षांपूर्वीची थंडी होती. एका सकाळी छान ताजी उठले, चहा ठेवला आणि सहज मनगटाकडे पाहिलं. झोपेला शंभरपैकी ५८ गुण. त्या क्षणापासून मला थकल्यासारखं वाटायला लागलं. पुढे रात्री गादीवर पडलं की उद्याच्या आकड्याची धास्ती, आणि त्या धास्तीने झोप उडायची. त्याच २०१७ साली अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांनी या अवस्थेला नावही दिलं होतं, ऑर्थोसोम्निया. आकड्यातली झोप अचूक करण्याच्या नादात खरी झोप गमावणं.

बाळा, झोपेच्या प्रयोगशाळेत डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी नोंदवतात. डोळ्यांची हालचाल आणि श्वासही बघतात. मनगटावरच्या घड्याळाला मेंदू दिसत नाही. तू अंथरुणावर किती वाजता पडलीस, किती वाजता उठलीस, हे त्याला बऱ्यापैकी कळतं. पण तू छताकडे बघत निश्चल पडून असलीस, तर तेही ते झोपेतच धरू शकतं. "गाढ झोप ४२ मिनिटं" हा अंदाज आहे, त्यावर रडू नकोस.

पावलांचंही तसंच. दहा हजारांचा आकडा आला तो जपानमधून. १९६५ साली तिथे पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लक्षात राहिलं आणि पुढे तोच नियम होऊन बसला. २०१९ साली अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, सरासरी वय ७२. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. हे आईला मुद्दाम सांग. दहा हजार जमत नाहीत म्हणून तिने चालणंच सोडलंय.

आईवरून आठवलं. सुई न टोचता रक्तातली साखर दाखवतो असं म्हणणारं घड्याळ किंवा अंगठी तिच्यासाठी चुकूनही घेऊ नकोस. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा उपकरणांबद्दल लोकांना स्पष्ट सावध केलं. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिनचा डोस ठरला तर जिवावर बेतेल. रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधायचं यंत्रच वापर. आणि छातीत दुखलं तर मनगटाकडे बघत बसू नका. घड्याळातला ईसीजी ठोक्यांची अनियमित लय कधी पकडतो, पण हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. सरळ दवाखाना गाठा.

आणि तुझा थकवा? घड्याळाला हिमोग्लोबिन कळत नाही गं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं दमतात आणि त्यालाच घरकाम म्हणतात. या आठवड्यात रक्त आणि थायरॉइड तपासून घे. नवऱ्याला विचार, तू घोरतेस का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का. हो म्हणाला तर डॉक्टरांना दाखव. हे घड्याळाच्या आधी.

एवढं करून घ्यायचंच असेल, तर ही खूणगाठ बांध. झोप बघायची असेल तर ते रात्री हातावर हवं, म्हणून बॅटरी आठवडाभर टिकणारा साधा, हलका बँड बरा. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ रात्री नेमकं चार्जरवर असतं. अंगठी झोपेत जाणवत नाही, पण कणीक मळताना काढावी लागते आणि उन्हाळ्यात बोटं सुजली की रुतते. ॲपल वॉचला आयफोन लागतोच. काही उपकरणांना दरमहा वर्गणी असते, ती आधी विचार. ॲप काय काय माहिती मागतं तेही वाच. पाळीच्या तारखा ही खासगी गोष्ट आहे, ती कुठे साठते हे कळल्याशिवाय भरू नकोस. दुकानात दोन मिनिटं काढ. बोटांनी नाडी धरून मिनिटभर ठोके मोज आणि पडद्याशी ताडून बघ. मग शंभर पावलं मोजून चाल. जिथे फार तफावत पडेल ते ठेवून दे.

घेतलंस की पहिले पंधरा दिवस काहीच बदलू नकोस, नुसतं बघ. मग एकच गोष्ट बदल, समज फोन साडेदहाला स्वयंपाकघरात ठेवणं, आणि एका रात्रीचा आकडा न बघता आठवड्याची सरासरी बघ. सकाळी डोळे उघडले की आधी स्वतःला विचार, "आज कसं वाटतंय?" उत्तर मिळालं की मगच मनगट बघ. मी आता असंच करते. दोन्ही जुळले नाहीत तर मी स्वतःच्या अंगावर विश्वास ठेवते.

तेव्हा आज फोटो पाठवू नकोस. तुझा प्रश्न एका ओळीत लिहून पाठव, रक्ताचा रिपोर्ट आला की तोही पाठव. मग घड्याळ आपण दोघी मिळून निवडू. आणि हो, निरोप दहाच्या आत पाठव. साडेअकराला मला तू झोपलेली हवीस.