मानलेली भावंडे

मुलांनो, तुमच्या घरी थोरल्या बहिणीला काय म्हणतात? कोणी आपा म्हणत असेल, कोणी बाजी. मराठी घरात तिला ताई म्हणतात. पण जिला भाऊ नाही, बहीण नाही, अशा एकुलत्या एका मुलीला ताई कुठून मिळणार? मराठीत ‘मानलेली बहीण’ असा शब्द आहे. नुसते मानले की नाते झाले, असे मात्र समजू नका. एका कार्टून मालिकेतल्या टॉफ नावाच्या मुलीला ते फार जड गेले. तिचीच ही गोष्ट.

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकन मालिका २००५ ते २००८ या काळात प्रथम दाखवली गेली. तिचे ६१ भाग आहेत. या मालिकेच्या जगात काही माणसांचा हुकूम पाणी, माती, आग किंवा हवा यांच्यावर चालतो. अग्निराष्ट्राने शंभर वर्षे युद्ध चालवले आहे आणि ते थांबवायला बारा वर्षांचा आंग निघाला आहे. सोबत कटारा आणि सोका ही सख्खी भावंडे आहेत. त्यांची आई याच युद्धात मारली गेली. तेव्हापासून सोकापेक्षा लहान असूनही कटाराच सगळ्यांचे बघते. रांधणे, फाटलेले शिवणे, आणि हो, रागावणेसुद्धा!

टॉफ त्यांना नंतर येऊन मिळते. ती जन्मापासून आंधळी आहे, पण पायांनी जमिनीचे कंप ओळखते आणि मोठमोठे खडक भिरकावते. तिच्या श्रीमंत आईवडिलांना मात्र हे पटत नाही. मुलगी नाजूक आहे म्हणून त्यांनी तिला जगापासून लपवून ठेवलेले असते. अखेर ती घरातून पळते.

पहिल्याच मुक्कामात भांडण होते. सगळे लाकडे, पाणी आणत असतात. टॉफ स्वतःपुरता दगडी आडोसा उभारते आणि आत स्वस्थ बसते. कटारा म्हणते, हातभार लाव. टॉफ म्हणते, माझे मी करते, तुमच्यावर माझा भार नाही. तुम्हांला कोणाचे बरोबर वाटते? टॉफ आळशी नव्हती. जिला आयुष्यभर कोणी काही करू दिले नाही, तिला ‘माझे मी करते’ हेच मोठे वाटणार. चार माणसांत राहायचे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवलेच नव्हते.

त्या रात्री शत्रू पाठलाग करतो. कोणालाच झोप मिळत नाही. त्यांना पाठीवर घेऊन उडणारा अप्पा नावाचा प्राणीही थकतो. सकाळी शब्दाला शब्द लागतो आणि टॉफ निघून जाते.

पाठलाग करणारी कोण होती माहीत आहे? अझुला, अग्निराष्ट्राची राजकन्या. तिचा सख्खा भाऊ झुको देशाबाहेर भटकत होता आणि तिला त्यालाही पकडायचे होते. ‘सख्खे भाऊ, पक्के वैरी’ ही म्हण बहिणींनाही कशी लागू पडते पाहा!

वाटेत टॉफला एक म्हातारा भेटतो. हा झुकोचा काका आयरो. तो तिला चहा देतो. प्रेमाच्या माणसांची मदत घेण्यात कमीपणा नाही, हे तो तिला समजावतो. टॉफ परत येते आणि ऐन लढाईत मित्रांच्या मदतीला धावते.

एवढ्याने सगळे सुरळीत झाले असे नाही. पुढे टॉफ लबाडीने पैसे मिळवू लागते. कटारा रागावते, तेव्हा ती उलटून म्हणते की तू काही माझी आई नाहीस. मग एका कड्यावर सोका टॉफला मनातले सांगतो. आईचा चेहरा आठवायला गेलो की मला कटाराच दिसते, असे तो म्हणतो. टॉफ गप्प होते. कटारा खरोखर आपली काळजी घेते, हे ती कबूल करते, आणि लगेच सोकाला दम भरते की हे तिला कळता कामा नये. पण कड्याखाली पाण्यात असलेल्या कटाराने सारे ऐकलेले असते!

या मालिकेत लढाया पुष्कळ आहेत. मला मात्र त्यानंतरचा एक साधा प्रसंग अधिक आवडतो. टॉफ कटाराच्या तंबूत येते. आईवडिलांना पत्र पाठवायचे आहे, मदत करशील का, असे विचारते. ‘माझे मी करते’ म्हणणारी हीच ती मुलगी! पत्र तयार होते. एक ससाणा ते घेऊन उडतो आणि दोघी तो गेला त्या दिशेला उभ्या राहतात.

स्वाध्याय

१. टॉफ मित्रांना सोडून का गेली?
२. ‘शब्दाला शब्द लागणे’ हा वाक्प्रचार तुमच्या वाक्यात वापरा.
३. टॉफने पत्रात काय लिहिले असेल? आठ-दहा ओळींत ते पत्र लिहा.