अर्जाचं घड्याळ थांबतं तेव्हा

प्रश्न : अमेरिकेत आश्रय मागणाऱ्यांच्या अर्जाचं ‘घड्याळ’ मध्येच थांबतं, असं वाचलं. म्हणजे अर्ज रद्द होतो का? आमच्या चंद्रपुरातल्या बंगाली कॅम्पात राहणारी कुटुंबंही एके काळी निर्वासित म्हणूनच आली. त्यांना अशी मुदत होती का?
— एक वाचक, वरोरा

उत्तर : अर्ज रद्द होत नाही, दिवसांची मोजणी थांबते. पण तिथे मुदती दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली मुदत अर्ज करण्याची. अमेरिकेत शेवटचं पाऊल ठेवल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावा लागतो. हे वर्ष थांबत नाही. उशीर झालाच, तर आपल्याकडे अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडतात तसं कारण पटवावं लागतं. गंभीर आजारपण, अर्जदार अज्ञान असणं, मायदेशातली परिस्थिती अचानक बिघडणं, ही कारणं चालतात. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या वैध व्हिसावर राहिलेला काळही उशिराचं कारण म्हणून मांडता येतो. मात्र अडचण दूर झाल्यावर फार वेळ दवडलेला चालत नाही.

घड्याळ म्हणतात ते दुसऱ्या मुदतीला, आणि ते काम करण्याच्या परवान्याचं असतं. आश्रय मागितला म्हणून लगेच नोकरी करता येत नाही. गेली बरीच वर्षं नियम असा आहे की, अर्ज दाखल झाल्यावर १५० दिवसांनी परवाना मागता येतो आणि एकूण १८० दिवस भरल्याशिवाय तो मिळत नाही. हे आकडे बदलण्याचे प्रयत्न तिथे वारंवार होतात. २०२० मध्ये ३६५ दिवसांचा नियम आला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला.

आता थांबण्याचं. वरोऱ्याच्या कोर्टात ‘तारीख वाढवून घेतली’ हे आपण सहज म्हणतो. तिथे अर्जदाराने स्वतः तारीख वाढवून मागितली, की मोजणी तिथेच थांबते आणि पुढच्या सुनावणीला पुन्हा सुरू होते. समजा ७० दिवस भरले आणि वकील शोधायला म्हणून दोन महिन्यांची तारीख घेतली. ते दोन महिने हिशेबात धरत नाहीत. पुढची मोजणी ७१व्या दिवसापासून. उशीर सरकारकडून झाला असेल तर मोजणी चालूच राहते. मुलाखतीला गैरहजर राहिलं किंवा बोटांचे ठसे द्यायला गेलं नाही, तरी ती थांबते. ज्याच्या हाताशी पैसा नाही, त्याने वकिलासाठी वेळ मागितला की त्याची कमाईही तेवढीच लांबते. मला हा नियम कठोर वाटतो.

बंगाली कॅम्पाची गोष्ट निराळी आहे. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे आश्रयाचा कायदाच नाही. त्यामुळे चालणारं-थांबणारं घड्याळही नाही. आपल्याकडे असते ती ‘तारीख’. सीमा अमुक दिवसाआधी ओलांडली की नंतर, यावर सगळं ठरतं. राज्यघटनेच्या सहाव्या कलमात ती १९ जुलै १९४८ आहे. त्यानंतर पाकिस्तानातून आलेल्याला नोंदणी करावी लागे, आणि नोंदणीच्या अर्जाआधी सहा महिने इथे राहिलेलं असावं लागे.

पूर्व पाकिस्तानातली जी कुटुंबं १९६०च्या दशकात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, आज गडचिरोलीत असलेल्या मूलचेरा-चामोर्शीच्या जंगलपट्ट्यात वसवली गेली, ती या तारखेच्या फार नंतरची. त्यांच्यासाठी मार्ग उरला १९५५च्या नागरिकत्व कायद्याचा. इथे जन्मलेल्या त्यांच्या मुलांसाठी १ जुलै १९८७ हा दिवस निर्णायक ठरला. त्याआधी भारतात जन्मलेलं मूल जन्मानेच भारतीय. त्या दिवसापासून पुढे आई किंवा वडील भारतीय नागरिक असणं आवश्यक झालं. आईवडिलांची नोंदणी राहून गेली असेल, तर एकाच अंगणात वाढलेल्या दोन भावंडांपैकी थोरलं नागरिक आणि धाकटं नाही, असंही होऊ शकतं.

खंडाचा विचार आपल्या कायद्यात एका ठिकाणी दिसतो. बाहेरून आलेल्याने नागरिकत्व मागताना अर्जाआधीचे १२ महिने सलग भारतात काढलेले हवेत, आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं. ‘मिळून’ महत्त्वाचं, कारण मध्ये बाहेर गेलेला काळ वजा होतो, पण आधीची वर्षं वाया जात नाहीत. सलग १२ महिन्यांतही खास कारण असेल तर ३० दिवसांपर्यंतचा खंड केंद्र सरकार माफ करू शकतं. ही सवलत २०१५ची. २०१९च्या दुरुस्तीने अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी ११ वर्षांची ५ केली. तिचे नियम मात्र ११ मार्च २०२४ ला निघाले.

तुमच्या ओळखीत अशी कुटुंबं असतील, तर त्यांना एवढं जरूर सांगा : आजोबांचं कॅम्पातलं कार्ड, जमिनीच्या वाटपाचा कागद, जुनी शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला यांतलं काहीही टाकू नका. आधी प्रती काढून घ्या आणि मूळ कागद कोरड्या जागी जपून ठेवा.