बागेसाठी गुलछडी की जलपर्णी?

घराभोवतालच्या बागेस शोभा आणणाऱ्या फुलझाडांत दोन वर्ग असे आहेत की, ज्यांची लागवड एकदा केली असता ती पुढे आपोआप वाढत राहतात. एक वर्ग कंदवर्गीय फुलझाडांचा व दुसरा पाण्यात वाढणाऱ्या फुलझाडांचा. पहिल्यातील गुलछडी अथवा निशिगंध मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. दुसऱ्यातील जलपर्णी, जिला कित्येक ठिकाणी केंदाळ म्हणतात, ती तिच्या फिकट जांभळ्या तुऱ्यांमुळे मनात भरते, आणि नदीकाठची चार रोपे उचलून शेततळ्यात सोडावयास खर्चही काही येत नाही. याच कारणामुळे या दोहोंची तुलना करून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. इंग्रजीत जलपर्णीस ‘वॉटर हायसिंथ’ म्हणतात. हायसिंथ हे थंड देशातील एक कंदवर्गीय फुलझाड होय. जलपर्णीचा तुरा त्याच्या तुऱ्यासारखा दिसतो, एवढ्यावरून हे नाव पडले; दोहोंचे कूळ निराळे. खऱ्या हायसिंथच्या कंदास फुलण्यापूर्वी काही आठवडे चांगली थंडी मिळावी लागते. देवणी, उदगीर या भागातील हिवाळा त्यास पुरेसा नाही. म्हणून रोपवाटिकेतून असे महाग कंद आणून जमिनीत लावण्यात अर्थ नाही. या हवामानास मानवणारा कंद गुलछडीचाच. गुलछडी मूळची मेक्सिकोची व जलपर्णी दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील. दोन्ही परदेशी, दोन्ही मनुष्याने फुलांसाठी देशोदेशी नेलेल्या. गुलछडी जेथे लावली तेथेच राहिली. जलपर्णीने मात्र बंगालमधील नद्या, खाड्या व भातखाचरे अशी व्यापली की, तिचा प्रसार रोखण्यासाठी व नाशासाठी १९३६ साली तेथे खास कायदा करावा लागला. महाराष्ट्रात कोल्हापूरची पंचगंगा, पुण्याजवळील पवना व इंद्रायणी, ठाणे जिल्ह्यातील उल्हास या नद्यांवर तिचे हिरवे थर पाहावयास मिळतात.

जलपर्णीचे देठ फुगीर व आतून स्पंजासारखे पोकळ असल्यामुळे ती तरंगते. तिच्या मुळांस जमीन लागत नाही. त्यामुळे प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे तिला वर्ज्य नाही. पाण्यात शेणखताचा अगर सांडपाण्याचा अंश उतरत असला म्हणजे झाले. प्रत्येक रोपापासून आडवे धुमारे फुटून त्यांच्या टोकास नवी रोपे येतात. अनुकूल परिस्थितीत रोपांची संख्या सुमारे पंधरवड्यात दुप्पट होते. पावसाळ्याच्या आरंभी चार रोपे सोडली, तर वीस आठवड्यांत दहा वेळा दुप्पट होऊन ती ४,०९६ होतात. शिवाय तिचे बी तळाच्या गाळात पडून राहते व पंधरा-वीस वर्षांनंतरही उगवू शकते. म्हणून ‘वाढली तर काढून टाकू’ हा विचार फसवा ठरतो.

लातूर जिल्ह्यात या वनस्पतीचा विचार पाण्याच्या हिशेबानेच केला पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांस स्मरत असेल. त्याच वर्षी ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशा भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर असतो. कडक उन्हाळ्यात रोज १० मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरल्यास दिवसाला ९,००० लिटर पाणी उडून जाते. जलपर्णीच्या रुंद पानांवाटे होणारे बाष्पोत्सर्जन उघड्या पाण्याच्या बाष्पीभवनापेक्षा पुष्कळ अधिक असू शकते. ते केवळ दीडपट धरले तरी संपूर्ण झाकलेल्या तळ्यातून रोज ४,५०० लिटर, म्हणजे आठवड्यास ३१,५०० लिटर पाणी जादा जाते. गुलछडीच्या एक गुंठा क्षेत्रास ५ सेंटिमीटर खोलीची एक पाळी देण्यास सुमारे ५,००० लिटर पाणी लागते. अर्थात जे पाणी जलपर्णी फुकट उडविते, तेवढ्यात सहा गुंठे गुलछडीची आठवड्याची पाळी भागते. तळ्यातील पाणी उतरेल तसा पृष्ठभाग कमी होऊन हे आकडेही उतरतील, परंतु प्रमाण बदलणार नाही.

दुसरे नुकसान पाण्याच्या प्रतीचे. दाट थराखाली प्रकाश व हवा पोहोचत नाही, कुजणाऱ्या मुळापानांमुळे पाण्यातील प्राणवायू घटतो व मासळी गुदमरते. तिच्या मुळांशी चिकटून वाढणाऱ्या डासांच्या अळ्यांपर्यंत गप्पी मासेही नीट पोहोचू शकत नाहीत. ज्या गावाच्या नावाने देवणी गोवंश देशभर ओळखला जातो, तेथे जनावरांच्या पिण्याच्या पाण्याची ही हेळसांड परवडणारी नाही. जलपर्णी वैरण म्हणून भरपूर घालावी असाही सल्ला कोणी देतात. तो मानू नये. तीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते व ती अधिक खाल्ल्यास जनावरांस ढाळ लागते.

गुलछडीचे गणित निराळे आहे. तिचेही कंद जमिनीत वाढतात, पण कुदळीच्या आवाक्यात. मध्यम, उत्तम निचऱ्याची जमीन तिला मानवते. देवणी परिसरातील भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबून कंद कुजतात. तेथे गादीवाफे अगर सरी-वरंबे करूनच लागवड करावी. गुंठ्यास सुमारे २५० किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. एप्रिल-मे महिन्यांत, काढणीनंतर दोन-तीन आठवडे सावलीत विश्रांती दिलेले, २० ते ३० ग्रॅम वजनाचे निरोगी कंद बुरशीनाशकाच्या द्रावणात वीस मिनिटे बुडवून ३० × २० सेंटिमीटर अंतरावर, ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावावेत. गुंठ्यास सुमारे १,७०० कंद लागतात. वाटा सोडल्यास त्याहून कमी. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचेच द्यावे. नवखे बागाईतदार येथेच चुकतात व कंद कुजले की बियाण्यास दोष देतात.

तीन-चार महिन्यांत फुलांचे दांडे येऊ लागतात. हार व वेण्यांसाठी सुटी फुले विकावयाची असतील, तर एकेरी फुलांचे व अधिक सुवासाचे ‘शृंगार’, ‘प्रज्वल’ अगर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘फुले रजनी’ हे वाण घ्यावेत. गुच्छांसाठी दुहेरी पाकळ्यांचा ‘सुवासिनी’ ठीक. फुले पहाटे तोडून त्याच सकाळी उदगीर अगर लातूरच्या बाजारात पोहोचली पाहिजेत. ज्यांच्या गावाहून सकाळचे वाहन नाही, त्यांनी विक्रीचा विचार न करता घरापुरतेच दोन वाफे करावेत, हे बरे. पीक तीन वर्षांपर्यंत ठेवता येते. त्यानंतर कंद खणून काढले की बियाणेही घरचेच होते.

पाण्यातील फुलाचीच हौस असल्यास कमळ वा कुमुद लावावे. मात्र त्यांना रुजण्यास चिखल लागतो. अस्तराच्या शेततळ्यात त्यांची लागवड करू नये. अंगणात लहान सिमेंटची टाकी बांधून तळाशी माती घालावी व त्यात गप्पी मासे सोडावेत.

जेथे जलपर्णी आधीच शिरली आहे, तेथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात, पाणी आटून क्षेत्र लहान झाले असता व तुरे येण्यापूर्वी, ती हाताने व जाळ्याने काढून घ्यावी. जनावरे जेथे पाणी पितात तेथे तणनाशक फवारू नये. तिच्यावर उपजीविका करणारे सोंडे किडे १९८० नंतर परदेशातून आणून भारतात सोडण्यात आले व मणिपूरच्या लोकताक सरोवरात त्यांचा चांगला उपयोग झाला. परंतु त्यांचा परिणाम दिसण्यास काही वर्षे जावी लागतात, लहान तळ्यास हातच बरे. काढलेला ढीग ओढ्याच्या काठी ठेवू नये, कारण पहिल्या पुरात तो पुन्हा पाण्यात जातो. उंचवट्यावर तीन-चार दिवस वाळवून शेणाच्या थरांसह खड्ड्यात कुजवावा. पालाशयुक्त चांगले खत होते. तळातील गाळ शेतात घालावयाचा असल्यास तो ज्वारी-तुरीच्या कोरडवाहू रानात घालावा, कारण कोरड्या जमिनीत जलपर्णीचे रोप टिकत नाही. विहीर, पाट व दुसरे शेततळे यांच्या जवळ तो टाकू नये, आणि पुढील पावसाळ्यांत तळ्याचा काठ दर आठवड्यास पाहून उगवलेली रोपे लहान असतानाच वेचावीत.