मोटारसायकलची बॅटरी : निगा आणि चार्जिंग

(ऊस विकास विभागाकडून)



लागण, खोडवा, खत आणि पाणी याबद्दल आम्ही नेहमीच लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण आपल्या रोजच्या कामातलाच आहे. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जायचे, पहाटे तोडणीच्या टोळीजवळ पोचायचे, घरात कोणी आजारी पडले तर दवाखाना गाठायचा, हे सारे मोटारसायकलवर चालते. नेमक्या त्याच वेळी बटण दाबावे तर गाडी नुसती टक्-टक् करते. पूर्वी किक मारून भागत असे. आता पुष्कळ गाड्यांना किकच नसते. शिवाय १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांनंतरच्या बहुतेक गाड्यांत इंजिनला पेट्रोल सोडण्याचे कामही विजेवरच होते. बॅटरी पार उतरली तर अशी गाडी ढकलूनही सुरू होईलच असे नाही.

बॅटरी खराब का होते?

१२ व्होल्टच्या साध्या बॅटरीत ६ कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेटा आणि पातळ गंधकाम्ल असते. वीज खर्च होते तसे प्लेटांवर शिशाचे सल्फेट बसते आणि चार्जिंग झाले की ते विरघळून जाते. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर हा थर कडक होतो व पुढे निघत नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, तसेच हे आहे. उशीर झाला की गेलेले परत मिळत नाही.

गाडी उभी असली तरी बॅटरी आपोआप थोडी थोडी उतरते, उन्हाळ्यात जास्तच. पावसाळ्यात महिना-दीड महिना गोठ्यात उभी राहिलेली गाडी म्हणूनच दगा देते. घर ते मळा अशा एक-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांतही सेल्फने घेतलेली वीज पुरती भरून निघत नाही.

नवी बॅटरी घेण्याआधी तपासा

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली गेली तर चार्ज करावी. १२ च्या खाली असेल तर त्याच दिवशी चार्जिंगला लावावी. नंतर गाडी सुरू करून थोडी रेस द्यावी. मीटर साधारण १३.५ ते १४.५ वर गेला पाहिजे. तो वर चढत नसेल तर दोष गाडीच्या चार्जिंगमध्ये आहे. रेग्युलेटर आणि वायरिंग आधी दाखवावे. नाहीतर नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल आणि पैसे वाया जातील.

चार्जर कोणता?

बॅटरी जितक्या अँपिअर-अवरची, त्याच्या दहाव्या भागाइतका करंट द्यावा, हा सोपा हिशेब आहे. ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, म्हणजे पूर्ण उतरलेली असल्यास १० ते १२ तास लागतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर हिला लावू नये. ती तापते, पाणी उकळल्यासारखे होते आणि प्लेटा वाकतात. भरल्यावर आपोआप करंट कमी करणारा छोटा चार्जर घ्यावा. लिथियम बॅटरी असल्यास तिच्यासाठीचाच चार्जर वापरावा.

चार्जरची लीड

दर वेळी सीट काढून चिमटे लावण्याचा कंटाळा येतो आणि चार्जिंग राहून जाते. त्यावर उपाय म्हणजे गाडीवर कायमची बसवलेली लीड. ती अशी बसवावी :

१. गाडीची किल्ली बंद करावी. बॅटरीची वजा वायर आधी सोडावी.
२. लीडची तांबडी वायर अधिक टर्मिनलवर बोल्टाखाली धरावी. या वायरीत बॅटरीजवळच फ्यूज असलाच पाहिजे. तो चार्जरच्या पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरचा असावा.
३. काळी वायर वजा टर्मिनलवर धरून गाडीची वजा वायर शेवटी जोडावी.
४. लीड सायलेन्सर, चेन आणि सीटचा कडा यांपासून दूर बांधावी. तोंडाला रबरी टोपण ठेवावे.

चार्ज करताना आधी लीड जोडावी, मग भिंतीवरचे बटण चालू करावे. काढताना आधी बटण बंद, मग लीड. गाडी उभीच राहणार असेल तर महिन्यातून एकदा तरी चार्जिंग करावे.

पाणी आणि स्वच्छता

टोपणे असलेल्या बॅटरीत पातळी खालच्या रेघेजवळ आली की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नको, त्यातील क्षार प्लेटा खातात. ॲसिडही वरून घालू नये. सीलबंद बॅटरी उघडूच नये. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून पुसावे. सोड्याचे पाणी कप्प्यात जाऊ देऊ नये. कोरडे करून व्हॅसलिन लावावे.

जिवाची काळजी

चार्जिंग होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. एका ठिणगीने तो पेट घेतो. म्हणून चार्जिंग हवेशीर जागी करावे. चुलीजवळ, कडब्याजवळ किंवा बंद खोलीत करू नये. जवळ बिडी-काडी पेटवू नये. पोरांना लांब ठेवावे. ॲसिड अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे पाण्याची धार धरून दवाखान्यात जावे.

जुनी बॅटरी बांधावर वा ओढ्यात टाकू नये. शिसे विषारी असते. ती विक्रेत्याला परत द्यावी, मोबदलाही मिळतो.

गळीत हंगामात रात्री-अपरात्री गाडी लागतेच. तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक सभासदाने एकदा मीटर लावून आपली बॅटरी तपासून घ्यावी, ही विनंती.